लेबनॉनमधला दिवा आणि माझी नोंदवही

सिग्नलवाला (इंदूर)

सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ठराव केला की दक्षिण लेबनॉनमधली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना ३१ डिसेंबर २०२६ ला काम थांबवणार. बातमी वाचली तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. घरात दोनदा सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. इथे लिहून बघतो.

मी लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे बिनतारी संदेशाच्या शाखेतून, निवृत्त झालेला नायब सुभेदार. जबलपूरला शिकलो, महूच्या कॉलेजात दोन कोर्स केले, आता सुदामानगरात राहतो. २००६ मध्ये हवालदार होतो आणि शांतिसेनेतल्या आपल्या बटालियनबरोबर लेबनॉनमध्ये होतो. आपली माणसं तिथे नोव्हेंबर १९९८ पासून आहेत. नॉर्वेच्या पलटणीकडून त्यांनी एबेल अस-साकी गावाजवळचा पूर्वेकडचा पट्टा ताब्यात घेतला. एका अंगाला जबल अल-शेख, २८१४ मीटरचा डोंगर, उन्हाळा लागला तरी माथ्यावर बर्फ. दुसरीकडे मर्जयूनच्या बाजूने पाहिलं की लितानी नदीच्या वर कड्यावर शकीफचा किल्ला दिसतो.

आमचं कुलदैवत खंडोबा. निघताना आईने कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत भंडारा भरून दिला आणि झाकणावर चिकटपट्टी लावली. ती डबी माझ्या छातीच्या खिशात असायची.

गावाच्या कडेला जैतुनाच्या बागेत एक लहानसं चर्च होतं. आपल्याकडे बांधावर म्हसोबाचं देऊळ असतं, तेवढंच. आत एकच तसबीर. पांढऱ्या घोड्यावर बसलेला वीर, हातात भाला, घोड्याच्या टापांखाली लोळणारा अजगरासारखा दैत्य. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी दारातच थबकलो. आमच्या देवघरातल्या चांदीच्या टाकावर हेच आहे, फक्त इथे मागे बसलेली म्हाळसा नाही आणि पायाशी कुत्रा नाही. दुभाष्याने सांगितलं, हा मार जिरजिस, म्हणजे सेंट जॉर्ज. शेजारच्या गावातले मुसलमान याच स्वाराला अल-खिद्र, त्यांचा एक संत, मानतात आणि नवस बोलायला येतात.

तसबिरीखाली काचेचा पेला टांगलेला. त्यात खाली पाणी, वर बोटभर जैतुनाचं तेल, तेलावर बुचाच्या चकतीतून वर काढलेली वात. एक म्हातारी रोज संध्याकाळी येऊन तो पेला फडक्याने पुसायची, काजळी काढायची, वात बदलायची. पुसण्याची पद्धत अगदी माझ्या आईची. काच डोळ्यासमोर धरायची, फुंकर मारायची, पुन्हा पुसायची.

१२ जुलैला इस्रायल आणि हिजबुल्लाची लढाई पेटली. आम्हाला लढायचा हुकूम नव्हता. बघायचं, नोंदवायचं, वर कळवायचं आणि जमेल तिथे माणसांना पाणी-औषध पोचवायचं. पोस्टवरचा संत्री ओरडून सांगायचा, मी वायरलेस सेटवर बोलायचो आणि वहीत लिहायचो. चार रकाने: वेळ, कुठून, कुठे पडलं, काय.

मोर्च्यात बसलेला माणूस, कुठल्याही धर्माचा असो, एकच गोष्ट करतो. गोळा शीळ घालत डोक्यावरून पुढे जातो, धमाका लांब होतो, आणि तोंडातून आपोआप देवाचं नाव निघतं. वाचलो! माझ्याही तोंडून निघायचं. पण दुसऱ्याच क्षणी मला तिसऱ्या रकान्यात गावाचं नाव लिहायला लागायचं. ती गावं माझ्या ओळखीची होती. आपले ढोरांचे डॉक्टर तिथे शेळ्या-गाई तपासायला जायचे तेव्हा सेट घेऊन मी गाडीत असायचो. अमुक गावात एकाने बळंच जैतुनाच्या लोणच्याची बरणी हातात दिली होती. तमुक गावात एका पोराने माझं शिरस्त्राण डोक्यावर घालून बघितलं होतं. मी "खंडोबा पावला" म्हणायचो आणि त्याच पेनाने त्यांच्या गावाचं नाव लिहायचो.

आठवड्याभरात माझ्याने देवाचं नाव घेववेना. मंदिर परेड बंद होती, पण धर्मगुरू मोर्च्यामोर्च्यात आरतीचं ताट घेऊन यायचे. मी ज्योतीवर हात फिरवायचो, डोळ्यांना लावायचो आणि आत काहीच हलायचं नाही. भंडाऱ्याची डबी खिशातून काढून ट्रंकेत ठेवली. खिशात ठेवायची लाज वाटायला लागली होती.

३० जुलैला काना गावात विमानातून बॉम्ब पडला, २८ माणसं गेली. त्यानंतर ४८ तास हवाई हल्ले थांबवल्याचं जाहीर झालं. त्या वेळात आम्ही पाण्याच्या गाड्या घेऊन निघालो. म्हातारीच्या गावात बहुतेक दारांना कुलपं. ती होती. चर्चच्या पायरीवर बसली होती. पाण्याचे कॅन उतरवले तर तिने खूण करून आणखी काहीतरी मागितलं. दुभाषी म्हणाला, तेल मागते आहे. बाग समोर आहे, पण घरातलं संपलं आणि बाजार बंद.

आमच्या लंगरच्या गाडीत रिफाइंडचा डबा होता. मी तांब्याभर ओतून आणलं. पेल्यात ओतताना हात थरथरत होता, थोडं पाण्यात गेलं. तिने माझं मनगट धरलं आणि तेलाची धार नीट केली. मग वात लावून तसबिरीसमोर उभी राहून पुटपुटायला लागली. बराच वेळ. मी दुभाष्याला विचारलं, काय मागते आहे?

तो थोडा वेळ ऐकत राहिला. म्हणाला, "मागत नाहीये. कोण कुठे आहे ते सांगते आहे." अमक्याचं कुटुंब झाहलेला गेलं. तमकी बैरुतच्या शाळेत मुलांना घेऊन राहिली आहे. तिसऱ्या घरातला म्हातारा इथेच आहे, त्याचा पाय सुजला आहे. गावातलं एकेक घर ती त्या घोडेस्वाराला सांगत होती. ओळीने, एकही न गाळता.

मी परत आलो, ट्रंकेतून डबी काढली. त्या रात्रीपासून मी देवाला काही मागितलेलं नाही. हजेरी देतो. मोर्च्यातल्या आमच्या पोरांची नावं, घरच्यांची नावं, आणि तिसऱ्या रकान्यातली गावं.

वीस वर्षं होत आली. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असेल तर लिहा. आपल्यावरचं संकट पुढे सरकलं म्हणून देवाचे आभार मानताना तुमचा हात कधी अडला आहे का?

---

शनिगल्ली

सुभेदार साहेब, सकाळपासून तीनदा वाचलं.

घोड्यावरच्या स्वाराचं वाचून अंगावर काटा आला. राजवाड्यातला मल्हारी मार्तंड होळकरांचं दैवत, आणि आमच्या घराण्याचंही. लहानपणी आजोबा दर रविवारी तिथे घेऊन जायचे. १९८४ च्या दंगलीत राजवाड्याला आग लागली तेव्हा मी सातवीत होतो. आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता. आजोबा कठड्याला धरून उभे, आणि सारखं म्हणत होते, "दुसऱ्यांदा, दुसऱ्यांदा." मला वाटलं ते चक्रावलेत. नंतर कळलं, १८०१ मध्ये शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटगे चालून आला, इंदूर लुटलं आणि राजवाडा जाळला, ते त्यांच्या मनात होतं. त्यांनी ते पाहिलं थोडंच होतं! पण त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं त्यांना कालचं वाटायचं. तेव्हा जाळणारेही मराठी आणि ज्यांचं जळलं तेही मराठी. दोन्हीकडे जेजुरीचाच भंडारा.

मागचा जळका भाग पुढे पुन्हा उभा राहिला. मी आजही तिथून जाताना लाकडाचा वास येतो का बघतो.

तुम्ही बालबेकची जुनी रोमन देवळं पाहिली का? ते तुमच्या पट्ट्यापासून लांब असावं.

---

सिग्नलवाला

@शनिगल्ली, पाहिलं. लढाईच्या आधी, एप्रिलमध्ये सुट्टीच्या दिवशी पलटणीने गाडी काढली होती. बेका खोऱ्यातून उत्तरेला जावं लागतं.

ज्युपिटरच्या देवळाचे सहाच खांब उभे आहेत, साधारण वीस मीटर उंच. मान मागे टाकली की टोपी पडते. शेजारचं बाखसचं देऊळ मात्र छप्पर सोडून जवळजवळ सगळं जागेवर. पण मला खरं धरून ठेवलं ते जमिनीवर पडलेल्या एका तुकड्याने. वरच्या कंगोऱ्यावरचं सिंहाचं तोंड, छपरावरचं पावसाचं पाणी बाहेर टाकायला केलेलं. वर असताना ते माणसाला नीट दिसतही नसणार. तरी आयाळीची एकेक बट कोरलेली. आमच्यातला एक राजस्थानी जवान, घरी पाथरवटाचा धंदा, तो त्या सिंहापुढे उकिडवा बसला आणि बोटांनी छिन्नीचे घाव चाचपत राहिला. म्हणाला, "साहेब, हे दोन हातांचं काम आहे. डावी बाजू उस्तादाची, उजवी शागिर्दाची." मला फरक दिसला नाही. त्याला दिसला.

गावाबाहेर खाण आहे. तिथे एक चिरा घडवून तयार, पण खालून सुटलेलाच नाही. हजार टनांच्या आसपास वजन. स्थानिक लोक त्याला गरोदर बाईचा दगड म्हणतात. त्याच्याजवळच २०१४ मध्ये जर्मन पुरातत्त्ववाल्यांना आणखी मोठा सापडला, सुमारे १६५० टनांचा. कुणीतरी तो देवासाठी कापायला घेतला आणि अर्ध्यात हात थांबले. तीन महिन्यांनी मोर्च्यात बसलो होतो तेव्हा मला उभे खांब आठवले नाहीत, तो चिरा आठवायचा.

---

प्रश्नचिन्ह

तुमच्या अनुभवाचा मान राखून लिहितो. मी नास्तिक आहे आणि मला तुमच्या लिखाणातली पहिली अर्धी बाजूच खरी वाटते. गोळा डागणाराही देवाचं नाव घेतो, ज्याच्यावर पडतो तोही घेतो, मध्ये बसलेले तुम्हीही घेता. मग हजेरी कुणाला देता? तो शकीफचा किल्लाच बघा. ११९० मध्ये सलाउद्दीनने वेढा घालून घेतला, १२६८ मध्ये इजिप्तच्या सुलतान बैबर्सने घेतला, मध्ये टेम्पलर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे, होते. आपल्या काळात पॅलेस्टिनी होते, १९८२ पासून २००० पर्यंत इस्रायली होते. प्रत्येकाने तिथे प्रार्थना केली असेल. किल्ला प्रत्येकाच्या हातून गेला.

आणि वारसा, वारसा म्हणून आपण दगडांसाठी हळहळतो. काना गावच्या २८ माणसांपुढे बालबेकच्या खांबाला काय किंमत द्यायची? हा प्रश्न मी मनापासून विचारतो आहे.

---

कायद्याचा_विद्यार्थी

कायद्याच्या बाजूने थोडं. युद्धात सांस्कृतिक वास्तूंचं रक्षण करण्याबद्दल १९५४ चा हेगचा करार आहे. भारताने १९५८ मध्ये त्यावर मोहोर उमटवली. निळ्या-पांढऱ्या ढालीचं चिन्ह लावलेल्या वास्तूवर हल्ला करायचा नाही आणि, हे महत्त्वाचं, तिच्या आडोशाने लढायचंही नाही. म्हणजे दोन्ही बाजूंवर बंधन. पुढे १९९९ मध्ये दुसरा पूरक करार झाला, त्यात जास्त कडक संरक्षणाची सोय आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बालबेकच्या अगदी जवळ बॉम्ब पडले, तुर्की अमदानीतली एक जुनी इमारत गेली, तेव्हा युनेस्कोने लेबनॉनमधल्या ३४ ठिकाणांना तात्पुरतं असं वाढीव संरक्षण दिलं. बालबेक आणि सूर (टायर) हे जुनं शहर त्यात आहेत.

@प्रश्नचिन्ह, माणूस आधी की दगड, असा प्रश्न करारात नाही. ज्या वस्तीतलं देऊळ किंवा मशीद मुद्दाम पाडतात त्या वस्तीतल्या माणसांना परत येऊ द्यायचं नसतं, असा अनुभव आहे, म्हणून कायदा दोन्हींकडे बघतो.

---

नर्मदाकाठ (महेश्वर)

मी महेश्वरची, लग्न होऊन इंदूरला आले. @प्रश्नचिन्ह यांच्या प्रश्नावर मला आमच्या घाटावरचंच सांगावंसं वाटतं.

अहिल्यामातोश्रींचे यजमान खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेले. नावच खंडेराव. सासऱ्यांच्या दैवताचं नाव असलेला एकुलता एक मुलगा, आणि तोफेचा गोळा त्यालाच लागला. त्या वेळी या बाईने देवापुढे काय म्हटलं असेल याचा मी लहानपणापासून विचार करते. काही वर्षांनी कारभार हाती आला, आणि १७९५ पर्यंत तिने जे बांधलं त्यातलं कितीतरी तिच्या राज्याबाहेर आहे. काशीला विश्वेश्वर, गयेला विष्णुपद, आणि सोरटी सोमनाथ. सोमनाथला तर तिने पडक्या देवळावर हात घातला नाही, थोड्या अंतरावर नवं बांधलं आणि मुख्य शिवलिंग खाली तळघरात ठेवलं, वर दुसरं. पुन्हा कुणी चालून आलं तर? हा विचार करून बांधलेलं देऊळ आहे ते. ज्या बाईचं माणूस तोफेने नेलं तिलाच असं सुचणार.

महेश्वरच्या वाड्यात अजून लिंगार्चन चालतं. नर्मदेच्या काळ्या मातीची इवली इवली शिवलिंगं पाटावर ओळीने करायची, एकेकावर तांदळाचा दाणा ठेवायचा, पूजा करायची आणि सगळी नदीत सोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. माझे आजोबा त्या पंगतीत बसायचे. त्यांच्या बोटांच्या चिमटीला माती वळायची इतकी सवय होती की जेवताना भाताचीही तशीच वळकटी व्हायची. संध्याकाळी नदीत काही उरत नाही, आणि अडीचशे वर्षं ते चालू आहे.

सुभेदार साहेब, तुमच्या म्हातारीचा पेला आणि आजोबांची माती मला एकाच जागी ठेवाव्याशा वाटतात.

---

महूची_लेक

काका, तुमचं वाचून आमच्या घरातली एक गोष्ट लिहिते.

माझे खापरपणजोबा सातारकडचे, ११० व्या मराठा पलटणीत शिपाई. १९१५ मध्ये मेसोपोटेमियात गेले. नोव्हेंबरात बगदादच्या खाली टेसिफोनची मोठी लढाई झाली, त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तिन्ही मराठा पलटणी होत्या. तिथे मोकळ्या मैदानात विटांची एक प्रचंड कमान आहे, ताक कसरा, जुन्या इराणी बादशहांच्या वाड्याची. पणजोबा सांगायचे, त्यांचे वडील म्हणत, "चार दिवस कमान डाव्या हाताला होती, मग परतताना उजव्या हाताला." लढाईचं एवढंच वर्णन घरात उरलं आहे. जवळच सलमान फारसी या पैगंबरांच्या सोबत्याची कबर आहे. तुर्क लोक त्या लढाईला सलमान पाकची लढाई म्हणतात. आपल्याच सैन्यातल्या मुसलमान शिपायांना त्या जागेवर गोळ्या झाडणं किती जड गेलं असेल.

तिथून माघार घेऊन कूत गावात अडकले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा. धान्य संपलं, घोडी कापली, आणि आपल्या बहुतेक शिपायांनी, हिंदू आणि मुसलमान दोघांनी, घोड्याचं मांस खायला नकार दिला. अंगं सुजली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. शेवटी हिंदुस्थानातून धर्मपंडितांची परवानगी तारेने मागवली गेली. आमच्या घरात असं सांगतात की खापरपणजोबांनी परवानगी आल्यावर खाल्लं, पण शेजारी झोपणाऱ्या गाववाल्याने खाल्लं नाही आणि तो गेला. ते परत आले, आणि मरेपर्यंत दसऱ्याला घोड्याच्या पूजेला गेले नाहीत. कुणी कारण विचारलं की उठून जायचे.

आईला वाटायचं ती अंधश्रद्धा. मला तुमचा "लाज वाटायला लागली" हा शब्द वाचून आज ते कळल्यासारखं वाटतंय.

---

शनिगल्ली

@महूची_लेक, शरकतही जोडा. ऑक्टोबर १९१८ मध्ये त्याच देशात ११४ व्या मराठा पलटणीने शरकतला लढाई केली, मराठा लाइट इन्फंट्रीत अजून शरकत दिवस पाळतात. शरकत म्हणजेच जुनं अश्शूर, असीरियन लोकांची पहिली राजधानी आणि त्यांच्या देवाचं गाव. आमच्या एका नातलगाच्या तोंडी "शरकत" शंभरदा ऐकलं, अश्शूर मला पुस्तकात भेटलं. दोन्ही एकच हे कळायला चाळिशी उलटली.

---

पाठीमागची

मी कधी लिहीत नाही. आज लिहिते.

सुभेदार साहेबांनी विचारलंय, हात अडला का. माझा अडला नाही, आणि तेच सांगायचं आहे.

१९९९ च्या मे महिन्यात हे कारगिलला गेले. आम्ही बायका-मुलं छावणीतल्या क्वार्टरमध्ये. रोज बातम्या. एखाद्या घरापुढे अधिकाऱ्यांची गाडी थांबली की ते घर संपलं, हे सगळ्यांना ठाऊक. संध्याकाळी गाडीचा आवाज आला की आम्ही सगळ्या स्वयंपाकघरात असलो तरी हात थांबायचे. मी पोळपाटावर लाटणं तसंच धरून उभी राहायची आणि म्हणायची, "पुढे जाऊ दे, पुढे जाऊ दे." एका संध्याकाळी गाडी आमच्या रांगेत वळली. माझ्या दारावरून पुढे गेली. मी म्हटलं, देवा, पावलास. आणि तीन घरं सोडून हंबरडा ऐकू आला.

ती माझी मैत्रीण होती. तिच्या मुलाला मी त्या दुपारी शिकरण भरवलं होतं.

मी तिच्याकडे धावत गेले, सगळं केलं, तेरा दिवस तिच्याजवळ झोपले. पण ते "पावलास" मी तिला कधी सांगितलं नाही. आमचे हे सुखरूप आले. पंचवीस वर्षांत मी कितीदा सत्यनारायण केला, दर वेळी संकल्प सोडताना तो गाडीचा आवाज कानात येतो. कुठल्या गुरुजींना विचारणार? आज पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी तेच लिहिलेलं वाचलं.

---

नर्मदाकाठ (महेश्वर)

ताई, वाचलं. जवळ असता तर येऊन नुसती बसले असते.

---

प्रश्नचिन्ह

@पाठीमागची, माझ्या वरच्या प्रश्नाचं उत्तर मला आता कुणाकडून नको. तुम्ही लिहिलंत हे फार झालं.

---

सिग्नलवाला

@पाठीमागची ताई, दोन दिवस उत्तर लिहून खोडतो आहे.

तुमच्या त्या शब्दाला मी पाप म्हणणार नाही. लाटणं हातात धरून उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून दुसरं काय निघणार? मोर्च्यात माझ्याही तोंडून तेच निघालं, आणि माझ्या बाजूला बसलेल्या ग्रंथीसाहेबांच्याही, धर्मगुरूंच्याही. मी धर्मगुरूंना पुढे एकदा हे बोलून दाखवलं. वयस्क माणूस, गढवालचे. ते म्हणाले, "भीती बोलते तेव्हा तिला बोलू द्या. ती गप्प झाली की मग तुम्ही बोला." मला तेव्हा ते पटलं नव्हतं. म्हातारीला ऐकल्यावर पटलं.

@प्रश्नचिन्ह, तुम्ही विचारलंत हजेरी कुणाला देता. खरं सांगतो, पहिल्या रात्री मलाही ते कळत नव्हतं. माझ्या वहीत "कुठे पडलं" हा रकाना होता. "कोणावर पडलं" हा रकाना नव्हता, तो असू शकत नाही, सेटवरून एवढंच पाठवता येतं. तो दुसरा रकाना म्हातारी भरत होती. वही वर गेली, तिचे आकडे कुठल्यातरी अहवालात गेले असतील. म्हातारीची यादी ऐकणारे तिथे तो घोडेस्वार, दुभाषी आणि मी. घोडेस्वार ऐकत होता की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, त्यावर माझा तुमच्याशी वाद नाही. मी ऐकलं.

माणूस की खांब, याबद्दलही. लढाई थांबल्यावर १४ ऑगस्टच्या सकाळपासून लोक परतायला लागले. गाड्यांच्या टपावर गाद्या बांधलेल्या. ज्यांची घरं गेली होती ते गावात शिरून आधी कुठे गेले हे मी पोस्टवरून पाहिलं आहे. कुणी मशिदीकडे, कुणी कबरस्तानाकडे, कुणी त्या चर्चकडे. ढिगाऱ्यात आपलं घर कुठलं हे ओळखायला त्यांना आधी एक ओळखीची खूण लागत होती. मिनार किंवा घंटेची कमान दिसली की तिथून ते घरं मोजायचे. चौथं आमचं, पाचवं काकाचं. एक माणूस तर चर्चच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि तिथून पावलं मोजत गेला.

म्हातारीचं शेवटचं सांगतो. माझी बदली व्हायच्या आधी मी तिच्याकडे गेलो. डबीतला चिमूटभर भंडारा कागदात बांधून नेला. आमच्या घोड्यावरच्या देवाचा आहे, एवढंच दुभाष्याकडून सांगितलं. तिने पुडी उघडली, वास घेतला, बोट बुडवून पिवळं झालेलं बोट उन्हात धरलं. मग उठली आणि तसबिरीच्या चौकटीच्या खालच्या खाचेत ती पुडी सारली. मला वाटलं होतं ती भाजीत घालेल. बदल्यात तिने बाटलीभर तेल दिलं. त्यातलं थोडं मी आईला दिवाळीच्या पहिल्या पणतीला दिलं. आईने विचारलं कुठलं तेल, मी म्हटलं जिरजिसबाबाचं. तिने वर विचारलं नाही.

२०२४ मध्ये पुन्हा त्या भागावर गोळे पडले, शांतिसेनेच्या पोस्टांवरही. ती तेव्हा असती तर नव्वदीच्या पुढे असती. चर्च उभं आहे की नाही हे मी कुणाला विचारलेलं नाही. तिचं नाव मात्र रोजच्या यादीत आहे.

---

एन्सीसी_कॅडेट

सर, मी पुढच्या वर्षी भरतीला उभा राहणार आहे. घरून आजी डबी देणार हे नक्की. खिशात कुठल्या ठेवू?

---

सिग्नलवाला

@एन्सीसी_कॅडेट, डाव्या, आतल्या. झाकणाला चिकटपट्टी लाव, पावसात भंडारा गोठतो. आणि पाठीवर वीस किलो घेऊन रोज धावायला लाग, आजपासून.

---

पाठीमागची

सुभेदार साहेब, काल तिला फोन केला. ती आता पुण्याला मुलाकडे असते. पंचवीस वर्षांचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, तुझ्या आधीच्या दोन दारांवरून गाडी पुढे गेली तेव्हा मीही तेच म्हणत होते."

---

महूची_लेक

काका, एक मागू का? माझा धाकटा भाऊ सध्या लेहच्या पुढे पोस्टवर आहे. महिन्यातून एकदा फोन लागतो. नाव तुम्हाला निरोपात पाठवलं आहे.

---

सिग्नलवाला

मिळालं. आज संध्याकाळी दिवा लावला तेव्हा घेतलं. लेहच्या पुढे, एवढंच सांगितलं, पोस्टचं नाव सांगितलं नाही. खापरपणजोबांच्या शेजारी झोपणाऱ्या त्या गाववाल्याचं नाव घरात कुणाला आठवतं का?